बिनमिठाची टिक्की

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या पाचोऱ्याच्या घरी आई म्हणायची, "हिच्यापुढे ताट ठेवायचं म्हणजे दहावीचा पेपर द्यायचा." वरण पातळ झालं, भाजीत तेल जास्त पडलं, की माझ्या तोंडून निघालंच समजा. आता जळगावला सासरी आहे, तर जीभ जरा आवरते. पण धुळ्याला मी जी तीन वर्षं भाड्याने राहिले, ती खोली मला मिळाली ती या जिभेमुळेच. आणि त्याच घरात मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले. एकदा नाही, कितीतरी वेळा.

त्या घराच्या मालकांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणायची. नदीपलीकडे देवपुरात खाली ते आणि त्यांची बायको अक्का, वर एक खोली. मला धुळ्यातल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात नुकतीच नोकरी लागलेली, पूल ओलांडून गावात जायचं. खोली बघायला गेले तर आबांनी ना माझं गाव विचारलं, ना जात, ना पगार. म्हणाले, "बसा. खाऊन घ्या, मग बोलू." आणि स्वयंपाकघरात गेले. वीस मिनिटांनी एक पितळी ताटली माझ्यापुढे आली. ताटली गरम होती. तिच्यावर एकच बटाट्याची टिक्की, तळहाताएवढी, कडेला एकही भेग नाही, वरून तांबूस आणि खरखरीत.

"पहिला घास कोरडा घ्यायचा," आबा म्हणाले. "चटणी नंतर."

मी घास घेतला. आबा समोर उभे, खांद्यावर पंचा, नजर माझ्या तोंडावर. घास गिळेपर्यंत हलले नाहीत. मग विचारलं, "कशी शे?"

मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

आत अक्कांच्या हातातलं भांडं वाजलं. मला वाटलं, गेली खोली. आबांनी ताटली उचलली, माझ्याच टिक्कीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "कमी शे. सामान कधी आणता?"

नंतर अक्कांनी सांगितलं की माझ्याआधी नऊ जण खोली बघून गेले होते. एक बँकेतला साहेब होता, एक शिक्षक नवरा-बायको होते. सगळ्यांनी "वा, काय झकास झालीय" म्हटलं होतं. त्या दिवसांत आबा मीठ मुद्दाम कमी घालायचे.

आता असा माणूस विक्षिप्त म्हणायचा नाही तर काय म्हणायचं? पण त्याला कारण होतं. आबा तीस वर्षं एका वसतिगृहाच्या भटारखान्यात स्वयंपाकी होते. तीनशे पोरांचा बटाटा. "खोऱ्यानं ढवळला मी बटाटा," ते सांगायचे, आणि दोन्ही हातांनी खोरं मारून दाखवायचे. "तीस वर्षांत एका पोरानं सांगितलं नही, का आज कसं झालंय. खायचे नाहीतर फेकायचे." रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता एका वेळी एकाच माणसासाठी करायचं, एकच पदार्थ करायचा, आणि खाणाऱ्याने खरं बोलायचं. बाकीचा स्वयंपाक अक्का करत. टिक्की मात्र आबांची, आणि अक्कांनी त्या तव्याला कधी हात लावला नाही.

त्यांची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीतूनच झालं.

बटाटा जुना हवा. नव्यात पाणी असतं. आबा बाजारात बटाट्याचा वास घ्यायचे, नखाने साल खरवडायचे, कानाशी धरून टिचकी मारायचे. भाजीवाल्या बाया त्यांना लांबून बघूनच म्हणायच्या, "उना वं बटाटावाला म्हातारा!" बटाटा आदल्या दिवशी सालासकट उकडायचा आणि रात्रभर चाळणीत उघडा ठेवायचा. फ्रिजला हात लावायचा नाही. सकाळी सोलून किसायचा. कुस्करायचा नाही, कुस्करला की चिकट होतो. त्यात मूठभर पोहे, धुऊन पिळून घेतलेले. पाव नाही, कसलं पांढरं पीठ नाही. मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, मीठ. बिडाचा तवा, शेंगदाण्याचं तेल, आच मध्यम. टिक्की टाकली की हात मागे. उलथनं लावायची घाई कोणी केली तर आबा मनगट धरत. "तवा सोडीन तिले. तू सोडवू नको." ते घड्याळ बघत नसत, कान तव्याशी नेत. आवाज बदलला की उलटायची. त्यापायी त्यांची डावी भुवई कायम अर्धी जळलेली असायची.

वाढायचीही रीत होती. एका वेळी एकच. पहिली खाऊन झाल्याशिवाय दुसरी तव्यावर पडायची नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, बस. खाणाऱ्याने ओट्याजवळच्या पाटावर बसायचं. आबा पहिला घास गिळेपर्यंत समोर उभे राहणार, मग पाठ फिरवून तव्याकडे वळणार. आणि बांधून न्यायची नाही, हा सगळ्यात कडक नियम. शेजारची बाई एकदा तापाने पडलेल्या मुलीसाठी डबा घेऊन आली. आबा म्हणाले, "टिक्की प्रवास करत नही. पोरीले उचलून आण." आणि तिने खरंच आणली हो, रिक्षात घालून!

हसू येतं ना? मलाही यायचं. पण या रीतीने घरात एक काटा रुतवून ठेवला होता.

अक्कांचा एकुलता एक भाऊ दोंडाईचाला होता, धान्याच्या व्यापारातला, बोलायला मोकळा माणूस. मी राहायला जायच्या दोन वर्षं आधी तो भाऊबीजेला आला. आबांनी टिक्की वाढली. त्याने खिशातून सॉसची पुडी काढली, दाताने फाडली आणि पिळली. आबांनी ताटली उचलली, टिक्की बाहेर गायीला घातली, आणि मेहुण्यापुढे कालच्या दोन पोळ्या आणि लोणचं ठेवून म्हणाले, "तुमनं जेवण हाई शे." भाऊ ताटावरून उठला. त्यानंतर तो भाऊबीजेला यायचा, पण उंबऱ्यात बसायचा. ओवाळून घ्यायचा, पाणीसुद्धा न पिता निघून जायचा. अक्का आरतीचं ताट हातात घेऊन त्याला फाटकापर्यंत पोचवायच्या. परत येऊन नवऱ्याला एक अक्षर बोलायच्या नाहीत. मला एकदाच म्हणाल्या, "बटाटा शे व तो, बेटा. काय देव थोडीच शे?"

अक्का गप्प बाई. सकाळी उठून दातांना तंबाखूची मिशरी लावायच्या, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बाया लावतात. मी तोंडाळ, मी टोकायचे. "अक्का, सोडा ती मिशरी." त्या हसायच्या. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या गालाला आतून फोड आला. महिनाभर त्यांनी तो लपवला. लपवण्यात त्या हुशार होत्या, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले. परत आल्या तेव्हा अर्धा चेहरा आत गेलेला आणि तोंड बोटभरच उघडायचं. तेवढ्या फटीतून दूध चमच्याने जायचं, तेही ठसका लागत. डॉक्टरांनी आबांना बसवून नीट सांगितलं होतं. पोटात अन्न गेलं पाहिजे, वजन टिकलं पाहिजे. तोंडाने जमत नसेल तर नाकातून नळी घालू, त्यात लाजण्यासारखं काही नाही, माणूस जगतो. आबा घरी येऊन मला म्हणाले, "नळी? मी जित्ता असताना?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस बटाटा कुस्करून दुधात कालवून देईल. तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी टिक्की झाली, फक्त पातळ, त्या बोटभर फटीतून जाईल अशी. मी तिथेच होते. म्हटलं, "आबा, फोडून द्या की! कुस्करा!" म्हणाले, "फोडली मंग ती टिक्की नही, लगदा झाया. लगदा मी तीस वरीस केला."

अक्कांनी ती तोंडात सारली. नवऱ्याकडे बघत चावायचा प्रयत्न केला. खरखरीत पापुद्रा आतल्या ओल्या जखमेला लागला, आणि ताटलीवर टिक्कीच्या मोडलेल्या कडेला रक्त दिसलं. लाल, अगदी थोडं. आबांनी ताटली उचलली आणि खिडकीशी नेली. कितीतरी वेळ ते उजेडात ते बघत उभे राहिले. पाठ आमच्याकडे होती. खांदे हलत होते.

त्या दिवसापासून या माणसाने रिटायर झाल्यापासूनचा सगळा हट्ट एकेक करून काढून टाकला. आधी मिरची गेली. मग लसूण गेला. पापुद्रा नको म्हणून बिडाचा तवा गेला आणि जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून वाफेवर टिक्की आली. ती रुपयाएवढी झाली. शेवटी मीठ गेलं, कारण मीठ जखमेला झोंबायचं. मला आठवतं, ज्या सकाळी त्यांनी मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, तेव्हा म्हणाले, "चव नही राहणार. पण पोटात जाईल." पांढरी, मऊ, बिनचवीची ती चकती बघून मला भडभडून आलं. एवढं सगळं सोडलं, पण तीन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. एका वेळी एकच वाढायची. पहिला घास गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. आणि मग पाठ फिरवून पुढची करायला वळायचं.

रोज सकाळी नऊला आठ चकत्या.

मी साडेनऊला ऑफिसला निघायचे. त्याआधी दहा मिनिटं अक्कांपाशी बसायचे, केस विंचरून द्यायचे. एके दिवशी विंचरताना त्यांनी माझा हात धरला आणि पदराची गाठ सोडून दाखवली. आत सात चकत्या, पदराला चिकटलेल्या, थंड.

"जात नही बेटा," त्या फटीतून म्हणाल्या. त्यांचं बोलणं आता कष्टाने समजायचं. "एक गिळस, त्या उभा ऱ्हातस म्हनीसन. बाकीन्या नही जात. आग व्हस." आबा समोर उभे असतात म्हणून एक गिळतात, बाकीच्या पदरात, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "अक्का, मग सांगा ना त्यांना!"

त्यांनी मान हलवली. "त्यास्ले नको सांगू. तुले मन्ही आण."

आणि सातच्या सात चकत्या माझ्या डब्याच्या वरच्या खणात ठेवल्या.

आता तुम्ही म्हणाल, तू एवढी तोंडाळ, मग बोलली का नाहीस? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याची उत्तरं पाठ झालीत. एक, त्यांनी शपथ घातली होती. दोन, आबा तेव्हा बाजारात जाताना ताठ चालायला लागले होते. भाजीवालीला अक्कांच्या खाण्याचं सांगायचे, "आठ खास ती. रोजन्या आठ." तीन, मला वाटलं, दोन-चार दिवसांची गोष्ट, जखम भरेल, मग खातील. यातलं एकही उत्तर धड नाही. मी भ्याले, एवढंच. आबांचा चेहरा पडलेला बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

टिक्की प्रवास करत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या टिक्क्या मी रोज डब्यात घालून पांझरा नदीच्या पुलावर नेल्या. फेकवेना, म्हणून पुलाच्या टोकाला एक तांबडी कुत्री बसायची तिला घातल्या. ती माझी वाट बघायला लागली. लांबून चप्पल ओळखून शेपूट हलवत यायची. दोन महिन्यांत तिची हाडं झाकली गेली, अंगावर तकाकी आली. घरी अक्कांच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या.

आबा मला रोज विचारायचे. संध्याकाळी मी फाटकातून आत आले की पायरीवर बसलेले असायचे. "तू बसतेस तिच्यापाशी सकाळी. खाते ना नीट?"

"खातात, आबा."

"आठी खाते?"

"हो."

मग ते म्हणायचे, "तू सांगतेस म्हंजे खरं." आणि उठून उद्याचे बटाटे उकडायला लावायचे. इतर कोणी सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. पदर तपासला असता. पण मी सांगत होते. पहिल्याच दिवशी मीठ कमी म्हणणारी मी!

एकदाच वेळ आली होती बोलायची. म्हणजे अगदी समोर येऊन उभी राहिली होती. तपासणीला अक्कांना रिक्षातून नेलं, मी सुट्टी काढून सोबत गेले. वजनकाट्यावर त्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी कागद बघितला, परत काटा बघितला. "आजोबा, वजन फार उतरलंय. खातात काय या?"

आबा खुर्चीत पुढे सरकले. एकेक बोट मोडत सांगितलं. सकाळी आठ टिक्क्या, आपल्या हातच्या, किसलेला बटाटा, पोहे, वरून तूप. दूध दोन वेळा. "बठ्ठं खास ती, साहेब, सगळंच. ही पोर साक्षी शे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

अक्कांनी टेबलाखाली माझं बोट धरलं. त्या बोटात किती जोर होता! एवढ्याशा बाईत तेवढाच जोर उरला होता बहुतेक. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे सांगत होते, नको.

"हो," मी म्हटलं. "खातात."

डॉक्टर म्हणाले, एवढं खात असतील तर नळीची घाई नको, औषध बदलून बघू, पंधरा दिवसांनी या. माणसाने जे सांगितलं त्यावर ते बोलले. त्यांचा काय दोष?

येताना रिक्षात आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. अक्कांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "माले नळी नको व्हती," त्या म्हणाल्या. "आन त्यास्ले हार नको." मग थोड्या वेळाने, "जल्मभर त्या बटाटास्पायी लोकेस्ना संगे भांडनात. आते हाऊ बटाटाबी हारना ते काय करतीन त्या?"

 पंधरा दिवसांनी जायची वेळ आली नाही. अक्का अकराव्या दिवशी गेल्या. सकाळी, आठ वाजता. आबा तेव्हा बटाटे किसत होते. मी वरून धावत आले तर ते परातीशी बसलेले, किसणी हातात तशीच. म्हणाले, "नऊले आजून येळ शे. ती उठी आते."

थांबते जरा. हे सांगायला बसले की माझा हात आपोआप डब्याच्या झाकणाकडे जातो. आजही ऑफिसला डबा नेते तर वरचा खण रिकामा ठेवते.

त्यानंतर दोन महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खान्देशात आखाजीला पितरांची घागर भरतात. त्या वर्षात घरातलं कोणी गेलं असेल तर मग फारच जपून भरतात. घागरीवर छोटं मडकं, त्यावर आंबा, खरबूज, सांजोरी. आणि चुलीतले निखारे काढून त्यावर तूप सोडायचं आणि गेलेल्या माणसाच्या आवडीच्या जेवणाचा घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. धूर वर गेला की ते जेवलं, असं मानायचं.

दोंडाईचाचे भाऊ आले. या वेळी ते उंबऱ्यात बसले नाहीत, सरळ आत आले. पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली. आबा निखाऱ्यांपुढे बसले होते. बिडाचा तवा फळीवरून उतरला होता, घासून काळा कुळकुळीत झाला होता, आणि त्यावर एक टिक्की चढली होती. मोठी, तळहाताएवढी. आबांनी कान तव्याशी नेला. आवाज बदलला, तव्याने सोडली, उलटली. तांबूस, खरखरीत. 

पहिली त्यांनी निखाऱ्यावर ठेवली. तूप सोडलं. धूर झाला. 

दुसरी त्यांनी पितळी ताटलीत घालून माझ्यापुढे आणली. तीच ताटली. "पहिला घास कोरडा," म्हणाले, आणि उभे राहिले.

मी घास घेतला. चावला. आणि माझी जीभ, ती मेली कधी सुधारणार, तिने आधीच सांगून टाकलं. "आबा, मीठ नाही."

कमी नाही, नव्हतंच. एक कणही नाही. महिनोन्महिने बिनमिठाचं करून त्यांचा हातच मीठ विसरला होता. आबांनी फळीकडे बघितलं. मिठाचा डबा वरच होता, त्यांनी ठेवला होता तिथे, धूळ बसलेला. मग निखाऱ्यांकडे बघितलं. त्यावरची टिक्की काळी पडत चालली होती.

"तिले झोंबे ना," ते हळूच म्हणाले, जणू आमची माफी मागत. "म्हनीसन हात जात नही." मग उठले, टाचा उंच करून डबा काढला, पंच्याने पुसला. "आते झोंबाव नही तिले. आते खाऊ दे मीठनी."

त्यांनी नवी टिक्की थापली. भाऊंनी मांडीवरची टोपी मुठीत आवळली. आता बोलले, आणि आवाज चढलेला होता.

"आते मीठ घालतस? मन्ही बहीन काडीनी मायक व्हई गयथी. मी मयतले उनू तवय ओळखू नही उनी. लोके म्हनतस, तुम्ही तिले नळी घालू दिधी नही. बटाटाना हट्ट! उपाशी मारं तुम्ही तिले!"

आबा तव्यावरून वळले नाहीत. टिक्की तव्यावर होती, आवाज अजून बदलला नव्हता. तिथूनच म्हणाले, "उपाशी नही मरनी ती. रोजन्या आठ खाये. मन्हा हातन्या. माले ईचारू नको, मी नवरा शे. हिले ईचार." उलथन्याने माझ्याकडे दाखवलं. "हिनी जीभ खोटं बोलत नही. आत्तेच आयकं ना तू, मीठ नही म्हने. मयतीना घरमा बी म्हने."

भाऊ माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे अक्कांसारखे होते, तसेच घारे, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "बाई," ते म्हणाले, आता साध्या मराठीत, हात जोडल्यासारखे, "तुम्ही रोज बसायच्या तिच्यापाशी. देवाशप्पथ खरं सांगा. खायची का माझी बहीण?"

आबांची पाठ माझ्याकडे होती. अर्धी जळलेली भुवई कडेने दिसत होती. कान तव्याशी होता, पण तव्याचं ते ऐकत नव्हते. टिक्की करपायला लागली होती. आवाज कधीच बदलून गेला होता आणि त्या माणसाने ती उलटली नव्हती. तेव्हा मला कळलं की त्यांनाही नक्की माहीत नाही. ते माझ्या तोंडाकडे कान लावून थांबले आहेत. मी नाही म्हटलं असतं तर तो माणूस तिथेच, त्या तव्यापुढे संपला असता.

"खायच्या," मी म्हटलं. "आठही खायच्या. शेवटच्या दिवसापर्यंत."

भाऊंनी टोपी तोंडावर धरली आणि रडले. मग उठून आबांच्या पायाशी वाकले. आबांनी टिक्की उलटली, करपलेली बाजू बघितली, बाजूला काढून टाकली आणि पुन्हा नवी थापली. ती नीट झाली. निम्मी निखाऱ्यावर ठेवली. उरलेली मेहुण्याला दिली, आणि दोंडाईचाच्या भावाने कितीतरी वर्षांनी त्या घरात खाल्लं, सॉसशिवाय, एकेक कण.

मग माझी पाळी. ताटली आली. पहिला घास कोरडा. आबा समोर येऊन उभे राहिले, पंचा खांद्यावर, नजर माझ्या तोंडावर. मी चावला. गिळायला फार वेळ लागला. ते हलले नाहीत.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, आबा," मी म्हटलं.

त्या दिवशी मी त्या घरात खरं बोलले ते फक्त मिठाबद्दल.